कोकण किनाऱ्यावरील शहरांचा शाश्वत विकास : संशोधक आणि रहिवासी यांच्या सहकार्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, महाड, अलिबाग, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या शहरांत पूर, पाणीटंचाई, कचरा, किनाऱ्याची धूप आणि वाढती बांधकामे यांचा अभ्यास करू इच्छिणारे संशोधक, आणि आपल्या शहराचा नीट अभ्यास व्हावा असे वाटणारे रहिवासी, या दोघांकडूनही विचारले जाणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. मी कोकणातील एका महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थ्यांना घेऊन वाड्यावाड्यांत माहिती गोळा करण्याचे काम मी केले आहे आणि रहिवासी म्हणून दुसऱ्यांच्या प्रश्नावलीला उत्तरेही दिली आहेत. त्यामुळे काही उत्तरांत माझी स्वतःची मते आली आहेत.

संशोधक आणि रहिवासी यांचे सहकार्य म्हणजे नेमके काय? सर्वेक्षणापेक्षा ते वेगळे कसे?

सर्वेक्षणात प्रश्न संशोधकाने आधीच ठरवलेले असतात आणि रहिवासी फक्त उत्तर देतो. सहकार्यात अभ्यासाचा प्रश्न कोणता असावा हे ठरवतानाच रहिवासी हजर असतात, माहिती कशी आणि कोठे मोजायची यावर त्यांचे म्हणणे ऐकले जाते, आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी त्यांच्यासमोर वाचून दाखवला जातो. व्यवहारात हा फरक फार मोठा ठरतो. शहरातल्या पाण्याच्या अभ्यासासाठी बाहेरून आलेला गट नळजोडण्यांची संख्या मोजून जातो. तोच प्रश्न वाडीतल्या बायकांबरोबर बसून ठरवला, तर मार्च संपल्यावर विहिरीचे पाणी कोणत्या आठवड्यात तळाला जाते, टँकर आला तर तो पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) वरच्या घरांपर्यंत का पोहोचत नाही आणि हंडे कोण वाहते, हे प्रश्न पुढे येतात.

या पद्धतीच्या इतिहासात कोकणालाही स्थान आहे. पालघर भागातील आदिवासींची भूमिसेना ही चळवळ १९७० च्या दशकात लोकसहभागी संशोधनाच्या अभ्यासकांच्या चर्चेत आली, ती याच कारणासाठी की तेथील लोक स्वतःच्या परिस्थितीचा अभ्यास स्वतः करत होते.

कोकणातील शहरे लहान आहेत. त्यांना अशा संशोधनाची गरज काय?

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार, चिपळूणची सुमारे ५५ हजार आणि मालवणची १८ हजारांच्या आसपास होती. संख्येच्या हिशेबात ही शहरे लहान आहेत, आणि नेमके म्हणूनच त्यांचा अभ्यास कमी होतो. मोठ्या महानगरपालिकांकडे स्वतःचे अभियंते, नियोजनकार आणि सल्लागार असतात, तर लहान नगरपरिषदेत एकाच अभियंत्याकडे रस्ते, पाणी, बांधकाम परवाने आणि गटारे असे सगळेच विषय असू शकतात.

येथील भूगोल मात्र सोपा नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत जेमतेम ५० ते ८० किलोमीटरचे अंतर आहे. नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, आणि त्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी आत शिरते. वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभा दगडातून पाणी झिरपून निघून जाते आणि उरलेले उताराने समुद्राला मिळते. पुण्यात किंवा नागपुरात तयार झालेली नियोजनाची गणिते येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) इमारत उभी राहिली की खालच्या वाडीतील विहिरीचे काय होते, हा प्रश्न त्या गणितांत बसत नाही, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर विहिरीचा मालक आणि भूजलाचा अभ्यासक एकत्र बसावे लागतात.

पुराच्या बाबतीत रहिवाशांच्या माहितीचा प्रत्यक्ष काय उपयोग होतो?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण कोकणातील नदीकाठच्या शहरांसाठी याहून महत्त्वाचा विषय मला दिसत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवसांत महाडमध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी शहरात शिरले, आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांच्या मनात पाण्याची एक उंची पक्की बसली होती. अनेकांनी त्या उंचीवर भरवसा ठेवून सामान वर चढवले होते.

चिपळूणच्या पुराची कारणे अनेक आहेत: अतिवृष्टी, भरतीची वेळ, नदीपात्रात साचलेला गाळ, पात्रालगतचे भराव, आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारे अवजल. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी जलशास्त्रीय प्रतिमान (पाण्याच्या प्रवाहाची गणिती मांडणी) लागते, आणि ते काम संशोधकाचेच आहे. परंतु प्रतिमान खरे आहे की नाही हे तपासायला प्रत्यक्ष पाणी कोठे, किती वाजता आणि किती उंच आले याच्या नोंदी लागतात. नदीवरील मोजणी केंद्र एक-दोन ठिकाणची पातळी देते. शहराच्या आत, गल्लीच्या तोंडाशी, मच्छी मार्केटजवळ किंवा पुलाच्या खालच्या अंगाला पाणी कसे फिरले, हे तेथल्या माणसांनाच माहीत असते. पाणी नदीकडून आले की आधी गटारातून वर उसळले, हे दुकानदार खात्रीने सांगू शकतो, आणि दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यासाठी नदीपात्राकडे पाहावे लागते, दुसऱ्यासाठी गटाराच्या तोंडाशी भरतीचे पाणी अडवणारी झडप पुरेशी ठरू शकते.

म्हणून आमचा आग्रह असतो की पूर ओसरल्यावर चिखल काढण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची खूण रंगाने पक्की करावी, तिच्यावर तारीख आणि अंदाजे वेळ लिहावी, आणि जमिनीपासूनची उंची मोजून वहीत नोंदवावी. भ्रमणध्वनीवर काढलेल्या चित्रफितींत वेळेची नोंद आपोआप राहते, ती पुढे कोणत्याही यंत्राइतकीच उपयोगी पडते. अशा शंभर खुणा एका शहरात मिळाल्या तर अभ्यासकाच्या हाती असा नकाशा येतो, जो साध्या उपग्रहचित्रातून सहसा मिळत नाही, कारण पुराच्या दिवशी आकाशात बहुधा ढगच असतात.

पूररेषा म्हणजे काय, आणि तिच्याविषयी एवढे वाद का होतात?

महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळते.

वादाचे एक कारण शब्दांत आहे. ‘२५ वर्षांतून एकदा’ हे ऐकून लोकांना वाटते की एकदा पूर येऊन गेला की आता २५ वर्षे निश्चिंती आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता ४ टक्के आहे. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. १०० वर्षांच्या पुराबाबतही ती सुमारे २६ टक्के निघते. हा हिशेब संशोधकाने बाजारपेठेत जाऊन, फळ्यावर मांडून समजावून सांगायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो अहवालाच्या परिशिष्टात राहिला तर त्याचा उपयोग होत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जुनी बाजारपेठ खाडीच्या व्यापारामुळेच नदीकाठी वसली, आणि आता रेषा आखल्यावर तीच बाजारपेठ निळ्या पट्ट्यात येते. घराची पुनर्बांधणी अडते, जागेची किंमत पडते, बँक कर्ज देताना विचार करते. चिपळूणमध्ये पूररेषेला विरोध झाला तो यामुळेच, आणि त्याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. रेषा आखताना गाळाने भरलेले पात्र गृहीत धरले की गाळ काढल्यानंतरचे, असा प्रश्न रहिवाशांनी विचारला तर तो शास्त्रीयदृष्ट्या योग्यच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आकड्यांनिशी मिळण्याचा त्यांना अधिकार आहे.

लोकांच्या आठवणींवर शास्त्रीय अभ्यास उभा राहू शकतो का?

नुसत्या आठवणींवर राहू शकत नाही. आठवण चुकते, शेवटचा मोठा पूर आधीच्या पुरांना झाकून टाकतो, आणि नुकसानभरपाईचा विषय असेल तर आकडा वाढवून सांगण्याचा मोहही होतो. म्हणून एकाच खुणेविषयी वेगवेगळ्या तीन घरांत विचारणे, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहणे आणि मोजपट्टी लावणे आवश्यक असते.

मात्र सगळी स्थानिक माहिती आठवणींच्या रूपात नसते. किनाऱ्यावरील मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी (कमी चढ-उताराची भरती) असते, हे ज्ञान रोजच्या व्यवहारात तपासले जात असते, कारण ते चुकले तर होडी गाळात रुतते. खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा) बांध कोठे फुटतो, पुळण (किनाऱ्यावरची वाळू) कोणत्या महिन्यात खचते आणि कोणत्या महिन्यात परत भरते, कोणता व्हाळ (ओढा) फक्त श्रावणापर्यंत वाहतो, या गोष्टी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून आलेल्या असतात. किनाऱ्याची धूप मोजणारा अभ्यासक फक्त पावसाळ्यानंतर एकदा येऊन गेला, तर हंगामी बदलालाच तो कायमची धूप समजू शकतो, आणि ही चूक मच्छीमार पहिल्या बैठकीतच दाखवून देईल. याच्या उलटही घडते. विहिरीचे पाणी ‘पूर्वीसारखेच’ आहे असे सांगणाऱ्या वाडीत दर महिन्याला दोर सोडून पातळी मोजली, तेव्हा ती उन्हाळ्यात बरीच लवकर खाली जात असल्याचे आमच्या विद्यार्थ्यांना आढळले, आणि विहिरीच्या मालकांनी तो निष्कर्ष स्वतःच्या वहीतील नोंदींवरून मान्य केला.

किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशांत कोळीवाड्यांनी काय पाहावे?

किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याची) पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, नंतर २०११ मध्ये आणि सध्याची जानेवारी २०१९ मध्ये. तिच्या आधारे किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडे तयार होतात. मच्छीमारांच्या वसाहती, त्यांच्या सामाईक वापराच्या जागा, जेटी, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याचे ओटे नकाशावर दाखवावेत, अशी तरतूद २०१९ च्या अधिसूचनेत आहे. अडचण अशी की होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी पसरण्याची जागा आणि मासळी वाळत घालण्याची पुळण यांवर कोणतीही भिंत किंवा छप्पर नसते. उपग्रहचित्रात ती जागा मोकळी दिसते, आणि मोकळी जागा म्हणजे वापरात नसलेली जागा असा अर्थ काढला जातो.

हा नकाशा कोळी, गाबीत, खारवी, भोई आणि दालदी समाजांच्या मच्छीमारांनी स्वतः तयार करावा, आणि भूगोलाच्या किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर चालून प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. जागेचा वापर कोणत्या महिन्यांत होतो तेही लिहावे. सुकी मासळी पावसाळ्यात वाळत घातली जात नाही, म्हणून जुलैमध्ये केलेली पाहणी त्या जागेला रिकामीच ठरवील. बायकांना नकाशाच्या बैठकीला आवर्जून बोलवावे, कारण मासळी सुकवण्याचे आणि विकण्याचे काम बहुतांशी त्यांच्याकडे आहे आणि पुरुषांनी काढलेल्या नकाशांतून नेमक्या याच जागा सुटतात.

नागरी नियोजनाच्या कायद्यांत रहिवाशांना जागा कोठे आहे?

जागा आहे, परंतु ती वेळेवर ओळखावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराची विकास योजना तयार होते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. बहुतेक रहिवासी या टप्प्यावर जागे होतात, तेही आपल्या जमिनीवर आरक्षण पडले असेल तर. खरी संधी त्याआधी असते. योजनेच्या सुरुवातीला विद्यमान भूवापराचा नकाशा तयार केला जातो. त्या नकाशात एखादा पऱ्या (छोटा ओढा), तळे, पाणंद किंवा सार्वजनिक विहीर दाखवली गेली नाही, तर पुढच्या सगळ्या टप्प्यांत ती नसल्यासारखीच राहते. महाविद्यालये आणि रहिवासी यांनी याच टप्प्यासाठी आपले नकाशे तयार ठेवले, तर त्यांच्या श्रमाचे मोल कितीतरी पटींनी वाढेल.

एका विशेष अडचणीकडे लक्ष वेधणे गरजेचे आहे. २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक गावांच्या ग्रामपंचायती जाऊन तेथे नगरपंचायती आल्या. ग्रामपंचायत होती तोपर्यंत ग्रामसभा होती. कोणीही उठून प्रश्न विचारू शकत होते आणि ठरावाची नोंद होत होती. नगरपंचायत झाल्यावर ती सवय मोडली. ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलेल्या प्रभाग समित्या ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी बंधनकारक आहेत, आणि कोकणातील या लहान शहरांपैकी एकही त्या आकड्याच्या जवळपास नाही. परिणामी गाव शहर झाले आणि लोकांचे बोलण्याचे ठिकाण हरवले. संशोधन प्रकल्पाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रभागातील बैठका ही उणीव थोडीफार भरून काढतात, म्हणून त्या नीट इतिवृत्त लिहून घ्याव्यात आणि त्या इतिवृत्ताची प्रत मुख्याधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार नगरपरिषदांनाही जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ मधील आदेशानंतर मुदत गाठण्यासाठी पुष्कळ ठिकाणी या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. आपल्या शहराची नोंदवही मागून पाहावी. तिच्यात कांदळवने (खारफुटीची जंगले), देवराई, तळी आणि सड्यांवरील वनस्पती यांची खरी नोंद नसेल, तर ती पुन्हा करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी अंगावर घ्यावे.

‘समुदाय’ म्हणजे कोण? गावकीशी बोलले की पुरे होते का?

पुरे होत नाही, जरी सुरुवात बहुधा तेथूनच करावी लागते. गावकी (गावाचा परंपरागत कारभार पाहणारी मंडळी), मानकरी, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, व्यापारी संघटना यांना डावलून कोणतेही काम पुढे जात नाही, आणि त्यांना मान देणे रीतीलाही धरून आहे. परंतु ज्यांच्या घरात पाणी आधी शिरते ते लोक बहुधा या बैठकांत नसतात. भाड्याने राहणारी कुटुंबे, खाडीकाठच्या वस्त्या, मासेविक्रेत्या, सफाई कामगार, बोटींवरील नेपाळी खलाशी, बांधकामावर कर्नाटकातून आलेले मजूर हे सगळे शहराचे रहिवासी आहेत. त्यांच्याकडे वेगळे जावे लागते, आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून जावे लागते.

दुसऱ्या टोकाला चाकरमानी आहेत. घर येथे, नोकरी मुंबईत. जमिनीच्या निर्णयात त्यांची सही लागते, पण रोजच्या अडचणी त्यांना माहीत नसतात. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांच्या बैठकीत निष्कर्ष मांडल्याचा मला चांगला अनुभव आहे. गावात दोन वर्षे अडलेली विहिरीच्या जागेची संमती अशा एका बैठकीनंतर मिळाली होती.

गोळा केलेल्या माहितीवर मालकी कोणाची?

याविषयी लेखी समजुतीशिवाय काम सुरू करू नये. माझ्या ओळखीच्या एका वाडीत बाहेरच्या संस्थेचे तीन गट वेगवेगळ्या वर्षी येऊन तेच प्रश्न विचारून गेले आणि एकाही गटाचा अहवाल वाडीत परत आला नाही. चौथा गट आला तेव्हा वयस्कर माणसांनी दार उघडले नाही, आणि त्यांचा राग रास्त होता.

समजुतीच्या कागदावर, जो मराठीतच असावा, एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात: माहिती कशासाठी घेतली जात आहे, ती कोणाला दिली जाईल, नावे गुप्त राहतील का, छायाचित्रे वापरली जातील का, आणि मूळ नोंदींची प्रत वाडीकडे केव्हा येईल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संमतीची तरतूद कायद्यातही झाली आहे. काही माहिती जाहीर न करण्यातच शहाणपण असते. गोड्या पाण्याच्या झऱ्याची नेमकी जागा किंवा मासळीची गुप्त ठिकाणे नकाशात छापली, तर त्याचा लाभ टँकरवाल्यांना आणि मोठ्या बोटींना होतो. अशी माहिती वगळण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच असावा.

सहभागी रहिवाशांना मानधन द्यावे का?

होय. दिवसभर बरोबर फिरणाऱ्या खलाशाची किंवा मासेविक्रेतीची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावी. मुलाखतीपुरते बोलणाऱ्यांना चहापाणी पुरते.

अभ्यासाचा निष्कर्ष रहिवाशांना गैरसोयीचा निघाला तर?

तो लपवू नये आणि मवाळही करू नये, परंतु तो त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये. व्हाळावर घातलेले स्लॅब आणि भराव हे रहिवाशांचे स्वतःचेच असतात, किनाऱ्यावरील होमस्टेचे सांडपाणी सरळ पुळणीत जाते, कांदळवनात कचरा टाकणारे बाहेरचे नसतात, असे निष्कर्ष अनेकदा निघतात. ते आधी बंद खोलीत, संबंधितांसमोर, पुराव्यांसह मांडावेत आणि त्यांचे म्हणणे अहवालात जोडावे. मतभेद राहिले तर दोन्ही मते छापावीत. संशोधकाने लोकांच्या बाजूने उभे राहणे आणि लोकांना आवडेल तेच लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समजूतदार माणसांना हा फरक कळतो.

कोकणात असे सहकार्य यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, मात्र सगळी शहरांतील नाहीत. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांबरोबर समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सवामुळे गावातील घरांना पाहुण्यांचे उत्पन्न मिळू लागले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले, तेव्हा तेथे घरटी ओळखणारी आणि रात्री किनारा फिरणारी माणसे आधीच तयार होती.

कातळशिल्पांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. रत्नागिरी, राजापूर भागातील सड्यांवर कोरलेली चित्रे गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना माहीत होती. काही ठिकाणी ती पांडवांनी काढली असे सांगितले जाई. रत्नागिरीतील हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून, लोकांना विचारून त्यांची नोंद केली, पुरातत्त्वज्ञ नंतर आले, आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. चिरेखाणी आणि वाढती बांधकामे यांनी सडे व्यापले जात असताना कोणता कातळ राखायचा, हे सांगणारी ती नोंद आज नियोजनालाही उपयोगी आहे.

शहराचे उदाहरण वेंगुर्ल्याचे. तेथे घरातच कचऱ्याचे वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि रस्त्याच्या डांबरात प्लास्टिकचा वापर यांमुळे कचरा डेपोच लोकांनी पाहायला जावे असे ठिकाण झाला. हे प्रामुख्याने प्रशासनाच्या पुढाकाराने घडले, परंतु घराघरांतील बायकांनी डबे वेगळे ठेवले नसते तर तेथील कोणतेही यंत्र चालले नसते. त्याच शहरात मांडवी खाडीत महिलांचा बचत गट पर्यटकांना कांदळवनाची होडीतून ओळख करून देतो.

रहिवाशांच्या गटाने मदतीसाठी कोणाकडे जावे?

प्रथम जवळच्या महाविद्यालयाकडे. विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो आणि शिक्षकांना विषय हवे असतात. शेती, बागा आणि मृदेसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, मत्स्यविषयासाठी रत्नागिरीजवळील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, विहिरींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय, आणि खाडीकाठच्या झाडांसाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष ही ठिकाणे आहेत. मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राने पाणीपुरवठ्याच्या प्रश्नांवर गावांबरोबर दीर्घकाळ काम केले आहे, आणि उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्थानिक प्रश्नांशी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. जाताना मोघम तक्रार घेऊन जाऊ नये. ‘आमच्या प्रभागात पाणी तुंबते’ याऐवजी तीन पावसाळ्यांच्या तारखा, जागा आणि उंची लिहून नेली, तर समोरचा माणूस तुमच्याकडे सहकारी म्हणून पाहतो.

नगरपरिषदेने काय करावे?

एक अधिकारी संपर्कासाठी नेमावा, आणि जुने नकाशे, गटारांचे आराखडे व पाणीपुरवठ्याच्या नोंदी माहितीच्या अधिकाराचा अर्ज न करताही पाहायला द्याव्यात. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडून अहवालाची मराठी प्रत मागावी व ती नगर वाचनालयात ठेवावी.

बैठका आणि पाहणीसाठी वर्षातील योग्य काळ कोणता?

विद्यापीठाचे वेळापत्रक आणि कोकणाचे वेळापत्रक जुळत नाही, हे आधीच मान्य करावे. साधारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या वेळी मच्छीमार घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात आणि निवांत बोलतात. शेतकरी मात्र तेव्हा लावणीत असतात, त्यांच्याकडे जाऊ नये. चाकरमान्यांना भेटायचे तर गणपती किंवा शिमगा, पण पूजेच्या आणि पालखीच्या दिवशी प्रश्नावली काढू नये. गौरी-विसर्जनानंतरचा एखादा दिवस सोयीचा. एप्रिल-मेमध्ये आंबा आणि पर्यटक यांमुळे कोणालाच सवड नसते, तरी विहिरींची पातळी मोजायला आणि टँकरच्या फेऱ्या नोंदवायला हेच महिने लागतात, म्हणून ते काम वाडीतील दोन तरुणांना आधीच शिकवून ठेवावे. निष्कर्ष नगरपरिषदेपुढे मांडायचे असतील तर डिसेंबरपर्यंत तयार हवेत, कारण पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्यानंतर लगेच सुरू होते. गटारे आणि व्हाळ साफ करण्याची कामे मे संपण्यापूर्वी उरकायची असतील, तर त्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरलेला असावा लागतो.